सुकलाल मिस्त्रींचं राहिलेलं काम

लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी सासूबाईंनी मला साखर काढायला सांगितली आणि हातात चमचा दिला. चमचा साखरेसाठी नव्हता, कपाट उघडायला होता. स्वयंपाकघरातल्या कपाटाला मूठच नव्हती. फटीत चमच्याचा दांडा घालून दार जरासं उचललं की ते कुरकुरत उघडायचं. मला वाटलं मूठ नुकतीच तुटली असेल. पण दोन-चार दिवस घरात वावरल्यावर कळलं की हे एकट्या कपाटाचं दुखणं नव्हतं. मधल्या खोलीच्या खिडकीला आकडा नव्हता, तिथे सुतळी बांधलेली. देवघरावर डावीकडे नक्षीचा कळस आणि उजवीकडे नुसतं भोक. न्हाणीच्या दाराला कडी होती, पण ती अडकवायला कोयंडा नव्हता, म्हणून अंघोळीला जाणारा माणूस आत मोठ्याने गाणं म्हणत असे. मी गाणाऱ्यांतली नव्हे. मी भरलेली बादली दाराला लावून ठेवायची आणि जीव मुठीत धरून अंघोळ उरकायची.

यांना विचारलं, तर हे म्हणाले, "मिस्त्रीआबा यायचे आहेत."

"कधी?"

"येतील की."

मिस्त्रीआबा म्हणजे सुकलाल मिस्त्री. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, हे घर बांधलं तेव्हा दारं, खिडक्या, कपाटं, देवघर, सगळं लाकूडकाम त्यांनीच केलं होतं. मी आले तेव्हा नाना जाऊन वर्ष उलटलं होतं आणि मिस्त्रीआबांचं काम अजून संपलेलं नव्हतं.

महिन्याभराने ते आले. दारात सायकल लावल्याचा आवाज झाला, मग खोकला, मग आरोळी, "बहिन, शेस का घरमा?" आणि आमच्या सासूबाई, ज्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणायची आणि ज्यांचा आवाज मी तोवर खालच्या पट्टीतच ऐकला होता, त्या आतून ओरडल्या, "ये रे सुकाभाऊ! इतला दिन कोठे मरी गयथा?"

मी पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले. अक्का आमच्याशी नीटनेटकं शहरी मराठी बोलायच्या. हा माणूस आला की त्यांची माहेरची अहिराणी धावत बाहेर यायची. अक्कांचं माहेर भडगाव, मिस्त्रीआबाही मूळचे भडगावचेच. नातं काही नाही, गल्लीसुद्धा एक नाही. पण गिरणा नदीचं पाणी प्यायलेली दोन माणसं परगावात भेटली की ती बहीण-भाऊ होतात, एवढं त्या दोघांना पुरेसं होतं.

आबा उंचीने बेताचे, धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्यावर पांढरी टोपी. टोपीच्या घडीत लाल पेन्सिल असायची. कानावर ठेवत नसत, "कानवर घाम येस" म्हणून. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायम काळंनिळं. हत्यारांची पिशवी खांद्यावरून उतरवली की ती आधी कपाळाला लावायचे आणि मगच सोडायचे. करवत कोणी ओलांडली तर दिवसभर गप्प बसायचे. ते गप्प बसले की अक्का घाबरायच्या आणि मग मला खुणेने चहा टाकायला सांगायच्या.

चहा एवढंच ते आमच्याकडे घ्यायचे. बहिणीच्या घरी जेवायचं नाही, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. दुपारी बाहेरच्या ओट्यावर बसून फडक्यातली भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायचे. अक्का आतून वरण-भाताचं ताट घेऊन दरवेळी यायच्या आणि दरवेळी परत जायच्या. एकदा मीच म्हटलं, "आबा, चहा चालतो, मग जेवण का नाही?"

"चहा काय अन्न शे का, सूनबाई? ते ते औशिद शे," म्हणाले आणि कप पुढे केला. दिवसातून चारदा औषध घेणारा तो एकच ठणठणीत माणूस मी पाहिला.

त्यांच्या कामाची तऱ्हा वेगळी होती. कपाट असो की फळी, ते आधी माणूस उभं करायचे. मला मसाल्याच्या डब्यांसाठी फळी हवी होती. त्यांनी मला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, "हात वर कर. तानू नको. भाजी फोडनी देतांना जसा करस, तसा." माझी बोटं पोचली तिथे लाल पेन्सिलीने रेघ मारली. फळी बसली आणि माझा हात तिला पोचेना! तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मापाच्या दिवशी नुकतीच फरशी पुसलेली होती आणि पाय ओले होऊ नयेत म्हणून मी पाटावर उभी होते. मी सांगितलं, तर आबांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फळीकडे पाहिलं.

"फळी बरोबर शे. उन्हायामा लाकूड आखडस, तशी सून आखडनी."

अक्का हसून हसून खाली बसल्या. पुढे आठवडाभर मला गल्लीतल्या बायका विचारायच्या, आज किती आखडलीस? फळी काही त्यांनी खाली घेतली नाही. तिच्याखाली पाय ठेवायला एक छोटं स्टूल करून दिलं. अर्थात त्या स्टुलाच्या चार पायांपैकी तीनच पॉलिश केलेले होते.

हेच ते. आबा काम कधी पुरं करत नसत. आळशी नव्हते, हाताला लागले की जेवायचं विसरायचे. पण शेवटचं काहीतरी मागे ठेवायचेच. मूठ, आकडा, कोयंडा, कळस. विचारलं की ठरलेलं उत्तर, "सकाय येस मी." सकाय म्हणजे उद्या. पण आबांच्या उद्याला कॅलेंडरशी काही देणंघेणं नव्हतं. ते पुढच्या पोळ्याला यायचे, एखादा आकडा बसवायचे, आणि त्याच बैठकीत दुसरं काहीतरी उकलून अर्धवट ठेवून जायचे.

एकदा मी चिडले. पाहुणे यायचे होते आणि न्हाणीचं दार तसंच. मी फाडफाड बोलले. आबांनी पेन्सिल टोपीत खोवली आणि शांतपणे म्हणाले, "काम बठ्ठं व्हई गयं, ते मंग माले कोन बलाई?"

सगळं काम संपलं तर त्यांना बोलावणार कोण, हे खरंच होतं. नानांच्या मागे अक्कांकडे माहेरचं असं कोणी येत नव्हतं. आई-वडील केव्हाच गेलेले, एक भाऊ होता तो दूर सुरतेकडे. कोयंड्याच्या निमित्ताने यायचा तो हा एकच माणूस. मग मी न्हाणीत गाणं म्हणायला शिकले.

ऐंशीचं दशक सरता सरता अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून जीव वाचला, बोलणंही बरंचसं परत आलं. डावा पाय मात्र उचलेना. त्या तो फरशीवरून ओढत चालायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "चालत्या ठेवा. एकदा अंथरूण धरलं तर उठणार नाहीत." घरात कसंबसं चालणं व्हायचं, पण बाहेरच्या दाराशी घोडं अडायचं. आमचा उंबरठा चांगला वीतभर उंच, सागाचा. त्यावरून पाय उचलल्याशिवाय ओट्यावर जाता येत नव्हतं. आणि अक्कांचा सगळा जीव ओट्यावर. सकाळी उंबरठ्याला हळद-कुंकू लावायचं, मग ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे, हा त्यांचा दिवस होता. आता वाकताही येत नव्हतं. हळद-कुंकू मी लावायची आणि त्या आत खुर्चीवर बसून पाहायच्या. ते पाहणं मला बघवायचं नाही. दिवसेंदिवस त्या खाटेवर जास्त आणि पायांवर कमी राहू लागल्या.

हे म्हणाले, "उंबरठाच काढून टाकू." अक्का भडकल्या. उंबरठ्यावाचून घर कसलं? आणि हा नानांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेला, खाली हळकुंड-सुपारी ठेवून, मिस्त्रीला टॉवेल-टोपी देऊन. "माझ्या एका पायासाठी घराची मर्यादा काढता?" म्हणाल्या.

आबांना बोलावलं. ते 'सकाय' न म्हणता त्याच दिवशी आले. अक्कांचा पाय पाहिला आणि बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवत बसले. उंबरठ्याची गोष्ट काढल्यावर मात्र मान हलवली. "मना हातनी बसाडेल उंबरा शे. मी उखाडाव नही. दुसरा मिस्त्री बलाई ल्या."

"दुसराले तू हात लावू देशी का?" अक्कांनी खाटेवरून विचारलं.

"नही," आबा म्हणाले.

दोघांचं एकमत झालेलं पाहून यांनी कपाळाला हात लावला.

आबांनी तोड काढली ती अशी. उंबरठ्याला हात न लावता त्याच्या आतून आणि बाहेरून लाकडी उतरण करायची, म्हणजे पाय ओढत चढता येईल आणि ओढत उतरता येईल. चार दिवस ओट्यावर रंध्याचा आवाज चालला. आणि त्या वेळी एक नवल घडलं, आबांनी काम पुरं केलं. एकही स्क्रू राहिला नाही, एकही कड खरखरीत राहिली नाही. दोन्ही उतरणींना पॉलिशचे हात वर हात दिले, कापडाने घासून घासून लाकूड असं चमकवलं की त्यात दाराचा पडदा दिसत होता. मी म्हटलंदेखील, "आबा, या वेळी काहीच ठेवलं नाही का?" तर म्हणाले, "बहिननं काम शे. अर्धं कसं ठेवाव?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का निघाल्या. एका बाजूने मी, एका बाजूने हे. समोर ओट्यावर आबा उभे. उंबरठ्याच्या माथ्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "सोडा आता." आम्ही सोडलं. उतरणीवर पाय ठेवला आणि तो गुळगुळीत पॉलिशवरून सटकला. आम्ही धरेधरेपर्यंत त्या कुशीवर पडल्या.

हाड मोडलं नाही, देवाची कृपा. मनगट सुजलं, खांदा काळानिळा झाला. पण मोडायचं ते दुसरंच मोडलं. अक्कांनी चालणंच सोडलं. "पुरे आता," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. आबांनी त्याच दुपारी दोन्ही उतरणी काढल्या, सायकलला बांधल्या आणि निघाले. जाताना चहासुद्धा घेतला नाही. माझ्यापाशी फक्त म्हणाले, "पूरं करं, तठेच चुकनं."

मग ते आलेच नाहीत. निरोप पाठवले, तरी नाही. मला अक्कांची काळजी होती, आणि खरं सांगते, आबांचीही होती. त्या दुपारी पिशवी कपाळाला लावायलाही ते विसरले होते.

ऊन तापलं, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. गल्लीत झोके बांधले, माहेरी आलेल्या पोरींची गाणी सुरू झाली. अक्कांच्या खाटेवर सगळं ऐकू येत होतं, पण त्या हूं की चूं करत नव्हत्या. मी पुरणाला डाळ शिजत घातली होती, तेवढ्यात दारात सायकल लागली, खोकला झाला.

"बहिन, शेस का घरमा?"

आबा आत आले. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात बायकोने दिलेला सांजोऱ्यांचा डबा. डबा अक्कांच्या उशाशी ठेवला आणि खाटेजवळ खाली बसले.

"आखाजीले भाऊ वना ना बहिन. ऊठ. तुले बाहेर ली जास."

"उंबरा शे ना रे आडवा," अक्का भिंतीकडे पाहूनच म्हणाल्या.

"उंबरा मोडाना नही. हलाडाना. आज मुहूर्त बी देखाना नही, बठ्ठा दिनच मुहूर्त शे."

अक्का वळल्या. मग अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नारळ आण."

आबांनी उंबरठा धुतला, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. डोकं टेकवून तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले, नानांची माफी मागितली असावी. मग पटाशी लावली. निघताना सागाने मोठा आवाज केला तेव्हा अक्कांनी डोळे मिटले. खालची जुनी सुपारी आणि हळकुंड आबांनी पुसून अक्कांच्या ओंजळीत दिलं.

मग त्यांनी अक्कांना भिंतीला टेकवून उभं केलं. "हात ठेव. तानू नको. जठे पडस तठे पडू दे." हात पडला तिथे लाल रेघ मारली, एक आत दाराजवळच्या भिंतीवर आणि तेवढ्याच उंचीवर एक बाहेर, दारापासून ओट्याच्या पायऱ्यांकडे जाणाऱ्या भिंतीवर. माझे पाय जमिनीवर आहेत ना, हेही त्यांनी मान वाकवून पाहून घेतलं, उगाचच. मला हसू आलं आणि रडूही.

उंबरठा त्यांनी उभा चिरला. त्याचे दोन कठडे झाले. रंध्याने गोल केले, हाताला लागेल एवढं घासले, आणि दुपार कलायच्या आत दोन्ही भिंतींना पक्के बसवले. पॉलिशचा थेंबही लावला नाही. बाहेरच्या कठड्याचं पायरीकडचं टोक तर तसंच खरबरीत ठेवलं.

अक्का उठल्या. आतला कठडा धरला, पाय ओढत दारापाशी आल्या. तिथे आता नुसती सपाट फरशी होती. पाय ओढला आणि तो दाराबाहेर गेला. दुसरा हात लांबवला, बाहेरचा कठडा सापडला. आमच्यापैकी कोणी त्यांना धरलं नव्हतं. ओट्यावर ऊन होतं, समोर कडुनिंबाला झोका होता. झोक्यावरच्या पोरी "अक्का वन्यात, अक्का वन्यात" करत खाली उतरल्या.

अक्का मला म्हणाल्या, "करंडा दे." मी हळद-कुंकवाचा करंडा पुढे केला. त्यांनी बोट बुडवलं आणि उभ्या उभ्या, न वाकता, कठड्याला लावलं.

"तुले वाकता येत नही ना," आबा म्हणाले, "मंग उंबराच उठी उभा ऱ्हायना."

अक्का रडल्या. आबांनी टोपीने तोंड पुसलं आणि हत्यारं गोळा करायला लागले. त्या दिवशी अक्कांनी पुरणपोळीचं ताट पुढे केलं, तर त्यांनी ते मागे सारलं नाही, पण जेवलेही नाहीत. पोळी फडक्यात बांधून घेतली. "घर जाईसन खास," म्हणाले. रीत ती रीत.

त्यानंतर अक्का कितीतरी वर्षं रोज ओट्यावर गेल्या. रोज दोन्ही कठड्यांना हळद-कुंकू लावलं. "लोकांच्या घराला एक उंबरठा असतो, मला दोन आहेत," असं आल्या-गेल्याला सांगायच्या. आबा यायचे. पिशवीतून पॉलिश पेपर काढायचे, बाहेरच्या कठड्याच्या त्या खरबरीत टोकापाशी बसायचे आणि म्हणायचे, "हे टोक ऱ्हायी गयं." मग भडगावच्या गोष्टी निघायच्या, चार कप औषध व्हायचं, आणि पॉलिश पेपर पिशवीत परत जायचा. कपाटाची मूठ, कळस आणि कोयंडा यांचीही कधीतरी वर्णी लागली, त्याचं आता मला विशेष काही वाटलं नाही.

नव्वदीच्या मध्यावर अक्का गेल्या. शांतपणे, दुपारच्या झोपेत. आबा तेव्हा आजारी होते, येऊ शकले नाहीत. आले ते पावसाळा संपल्यावर. सायकल नव्हती, रिक्षाने आले. पिशवीही नव्हती. दाराबाहेर खोकला झाला आणि पुढची आरोळी आली नाही. मी बाहेर गेले. ते ओट्यावर उभे होते, तोंड दाराकडे.

मी चहा केला. त्यांनी अर्धाच घेतला. मी म्हटलं, "आबा, तुम्ही येणं सोडू नका. काम राहिलंय अजून." ते हसले, दात आता थोडे उरले होते.

निघाले तेव्हा पायऱ्या उतरताना त्यांचा तोल गेला. मी पुढे होणार तोच त्यांचा हात कठड्यावर पडला. इतकी वर्षं त्यांनी तो कठडा घासायला, पाहायला, दाखवायला धरला होता. टेकायला पहिल्यांदाच धरला. अक्कांच्या उंचीने लावलेला तो कठडा त्यांच्याही हाताला नेमका आला. ते हळूहळू एकेक पायरी उतरले. शेवटच्या पायरीवर खरबरीत टोकाशी हात आला, तिथे अंगठा थांबला.

"हे टोक ऱ्हायीच गयं," ते म्हणाले.

"मग या ना आबा."

"येस ना. सकाय येस."

त्यांनी हात उचलला. अक्कांच्या जागी सकाळी मी कठड्याला लावलेलं हळद-कुंकू त्यांच्या तळव्याला लागलं होतं. त्यांनी ते पाहिलं. धोतराला पुसतील असं मला वाटलं. पण त्यांनी मूठ मिटली आणि रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती तशीच मांडीवर धरून ठेवली.